कोकराला हासळी नसते

वर्षातून एकदा मी केंब्रिजच्या सुपरमार्केटमधून लहान मुलांचे चाळीस टूथब्रश आणते. एकदम मऊ केसांचे, दांड्यावर हत्ती-जिराफ असलेले. काउंटरवरच्या बाईने एकदा कौतुकाने विचारलं, "नर्सरी चालवता वाटतं?" मी म्हटलं, "नाही, हाडं धुते." त्या दिवसापासून मी मशीनवर स्वतःच बिल करते. बाईची चूक नव्हती. विचारलं की खरं सांगून टाकायची माझी सवय वाईट आहे.

आमच्या मराठी मंडळातही तेच. वेम्बलीच्या हॉलमध्ये गणपतीला एक काकू प्रसादाचं ताट माझ्यापुढे धरून थांबल्या. "मीनल, तू घरी गेल्यावर आंघोळ करतेस ना गं?"

"करते की. आणि ती हाडं अडीच हजार वर्षांपूर्वीची आहेत, काकू. त्यांचं सुतक फिटलंय."

ताट पुढे आलं, पण मोदक त्यांनी चिमट्याने वाढला. तेव्हा मंडळाच्या या अंकासाठी लेख मागताना संपादकबाई म्हणाल्या, "दिवाळी आहे, घाबरवणारं काही नको," त्याचं मला नवल वाटलं नाही. घाबरवणारं काही नाही. एका चुकीची गोष्ट आहे, आणि चूक माझी आहे.

आधी काम सांगते. ग्रीसमध्ये समुद्राकाठी एक जुनी दफनभूमी आहे. तिथे एका इंग्लिश पथकाने बरीच वर्षं उन्हाळ्यात खोदकाम केलं. मी त्या पथकातली हाडंवाली. इतर लोक भांडी, नाणी, दगड बघतात. मी माणूस बघते. बाई की पुरुष, वय काय, दात कशाने झिजले, गुडघे कशाने गेले. तिथल्या सरकारची परवानगी घेऊन काही हाडं अभ्यासासाठी केंब्रिजला आणली होती. आणली म्हणजे उसनी. मुदत संपली की शेवटच्या तुकड्यापर्यंत परत द्यायची.

त्या दफनभूमीची एक रीत होती. मोठी माणसं दगडी पेटीत किंवा नुसत्या मातीत. तान्ही बाळं मात्र रांजणात. तेलाचा, नाहीतर दारूचा जुना रांजण घ्यायचा, त्याच्या पोटाला खिडकीसारखं भोक पाडायचं, बाळाला आत निजवायचं, कापलेला तुकडा परत जागेवर बसवायचा आणि रांजण आडवा पुरायचा. एका कडेला अशा रांजणांची रांगच होती.

मला हे काम मिळालं तेही रांजणांमुळेच. पथकाच्या प्रमुख मार्गारेटबाई. (इंग्रजीत नुसतं मार्गारेट म्हणतात, पण माझ्या मनात त्या पहिल्या दिवसापासून बाई आहेत.) मुलाखतीला मी पुण्याची पदवी घेऊन बसले होते. तोवर तीन ठिकाणी मला 'कळवतो' म्हणून कोणी कळवलं नव्हतं. बाईंनी पदवीचा कागद बाजूला ठेवला आणि विचारलं, "तुमच्याकडे जुन्या काळी तान्ही मुलं कशी पुरत?" मी पुण्याजवळच्या इनामगावच्या उत्खननाचं सांगितलं. शिकताना बघितलेली ती गाडगी: दोन गाडगी तोंडाला तोंड लावून आडवी ठेवलेली, आत मूल, आणि खड्डा घराच्या जमिनीतच. बाई पुढे झुकल्या. "घरातच? म्हणजे आई त्यावरून रोज ये-जा करायची?"

"स्वयंपाकसुद्धा करत असेल," मी म्हटलं.

बाई हसल्या नाहीत. "सोमवारी ये," म्हणाल्या.

तर अशी मी, गाडग्यातल्या बाळांवर नोकरी मिळवलेली. आणि अठरा वर्षांपूर्वी, माझ्या तिसऱ्या उन्हाळ्यात, एक्केचाळीस नंबरचा रांजण मी स्वतः रिकामा केला, त्यातली हाडं बघितली, आणि पिशवीवर लिहिलं: प्राणी, कोकरू.

हे कसं होतं ते सांगायला हवं, नाहीतर तुम्ही म्हणाल, ही कसली हाडंवाली. नवजात बाळाचं हाड मोठ्या माणसाच्या हाडाची छोटी आवृत्ती नसतं. सांध्याची टोकं अजून तयार झालेली नसतात, त्यामुळे मांडीचं हाड म्हणजे नुसती दांडी. बरगड्या पक्ष्याच्या वाटतात. कवटी अंड्याच्या टरफलासारखी. ओल्या मातीत पार विरून जाते. एक्केचाळीसमध्ये ती विरलीच होती. उरल्या होत्या काही बरगड्या, दोन-तीन दांड्या आणि किरकोळ तुकडे. मोसमाचा शेवटचा दिवस, दुपारी दोनला गोदामाला कुलूप, आणि माझ्यापुढे सात पिशव्या. ही सगळी कारणं खरी आहेत. त्याहून खरं कारण असं की तिसऱ्या वर्षी आपल्याला सगळं येतं असं वाटतं. मी प्रश्नचिन्हसुद्धा टाकलं नव्हतं.

त्या कोकराचं पुढे मोठं प्रस्थ झालं. बाळांच्या रांगेत एकाच रांजणात कोकरू का, याचा मार्गारेटबाईंनी दोन वर्षं विचार केला आणि आपल्या पुस्तकात एक अख्खं प्रकरण लिहिलं. त्यांचं म्हणणं असं, की कुणाचं तरी बाळ घरापासून दूर दगावलं असेल. पुरायला देहच नव्हता, म्हणून आईबापांनी त्याच्या जागी कोकरू निजवलं. इतकं सुंदर लिहिलंय की वाचताना मला स्वतःला भरून आलं होतं, आणि मला सहसा भरून येत नाही. लोक बाकीचं पुस्तक विसरले, कोकरू लक्षात राहिलं. विद्यार्थ्यांनी बाईंना लोकरीचं कोकरू विणून दिलं. ते त्यांच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत बसलेलं असे.

आता फ्लोरामावशी. दोन वर्षांपूर्वी हाडं परत पाठवायची वेळ आली. जुन्या प्लास्टिकच्या पिशव्या हात लावताच फाटत होत्या. सगळं नव्या पिशव्यांत भरायचं होतं आणि हात कमी. युनिव्हर्सिटीच्या सूचनाफलकावर 'मदतनीस हवेत, काम कंटाळवाणं आहे' अशी चिठ्ठी मी लावली. कंटाळवाणं हा शब्द वाचून एकच बाई आली. ठेंगणी, सत्तरीची, स्वेटरवर स्वेटर. माझं नाव वाचून सरळ मराठीत म्हणाली, "पुण्याची का गं तू?"

मावशी मुंबईच्या बेने इस्रायली, म्हणजे आपल्याकडच्या मराठी ज्यू. नर्सिंग भायखळ्याला शिकल्या, मग लंडनला येऊन तीस-एक वर्षं सुईणीचं काम केलं, आणि आता केंब्रिजला लेकीकडे राहतात. "नातवंडांना मराठीतलं 'पाणी' आणि 'पुरे' एवढं येतं," त्या म्हणाल्या. "एवढ्यावर किती बोलणार?" त्यामुळे त्या आमच्याकडे हाडं भरायला येत की मराठी बोलायला, हे मी कधी विचारलं नाही. शुक्रवारी दुपारी तीनला मात्र हातातलं काम ठेवून निघत. घरी शब्बाथचे दिवे लावायचे असत.

पहिल्याच दिवशी टेबलावरच्या कवट्या बघून त्यांनी बजावलं, "मेलेल्यांना उठवू नये, असं आमच्यात आहे. सांगून ठेवते."

"मग आलात कशाला मावशी?"

"तुम्ही उठवलंच आहे ना? मग नीट परत निजवायला कोणीतरी नको?"

बाळांच्या पिशव्या त्यांनी पटकन आपल्याकडे ओढून घेतल्या. हाताला सवय होती. मी मोजपट्टी लावून वय सांगायचे, त्या नुसतं बघून. "हे आठव्यातलं," म्हणायच्या. किंवा, "हे थोडे दिवस दूध प्यालंय." बहुतेक वेळा आमचं जुळायचं. जुळलं नाही तर मावशी म्हणत, "तुझी पट्टी परत बघ."

प्राण्यांच्या हाडांकडे इतकी वर्षं कोणी पाहिलंच नव्हतं. त्यासाठी आता शोना आली होती: स्कॉटिश, माझ्याच वयाची, शेतकऱ्याची मुलगी. मेंढरं कुठल्या कुरणावर चरत होती ते ती हाडाच्या भुकटीवरून शोधते. म्हणजे हाडाचा तुकडा यंत्रात घालायचा आणि पीठ करायचं. ग्रीसच्या परवानगीपत्रात प्राण्यांच्या बारा पिशव्यांतून एकेक बरगडी तिला द्यायची सोय होती. मंगळवारी त्या बारा बरगड्या मीच काढून दिल्या, यादीवर टिक करत, हाडाकडे न बघता. एक्केचाळीसही त्यात होती. म्हणजे एकच चूक मी दोनदा केली.

गुरुवारी सकाळी मावशींनी प्राण्यांच्या पिशव्या बदलायला घेतल्या. मी समोर खोक्यांच्या याद्या करत होते. एक नंबर विचारायला वर बघितलं. त्यांनी एक छोटं हाड तळहातावर घेतलं होतं आणि त्यावरून बोटाचं टोक हळूहळू फिरवत होत्या. डोळे मिटलेले.

"काय झालं?"

"मीनल, कोकराला हासळी असते का गं?"

हासळी म्हणजे गळ्याखालचं आडवं हाड, दोन्हीकडे एकेक. आपल्याला आहे, माकडांना आहे. मेंढी-बकरीला नसते. हे मी दरवर्षी पहिल्या तासाला शिकवते.

"नसते," मी म्हटलं.

"मग हे काय आहे?"

मी उठून टेबलाला वळसा घातला. वेलांटीसारखं वळलेलं, जेमतेम दीड इंचाचं. आईच्या पोटात लवकर तयार होणाऱ्या हाडांपैकी हे एक, आणि जन्मतःच ते मोठ्या माणसासारखं दिसतं. या एका हाडाबद्दल चूक व्हायला कारणच नव्हतं. पण मी ते बघितलंच नव्हतं. कोकरू म्हणून ठरवल्यावर उरलेले तुकडे मी पिशवीत लोटले होते.

"प्रत्येक बाळाची बघायची असते ती," मावशी सांगत होत्या. "बाळ खांद्याला अडकलं की ओढताना मोडते. जन्मलं की बोट फिरवून बघायचं. हजारो बघितल्यात. डोळे मिटून सांगते, ही बाळाची आहे." मग पुन्हा बोट फिरवून म्हणाल्या, "आणि मोडलेली नाही. जिच्या हातून झालं ती सुईण हुशार होती."

मी पिशवीवरचा नंबर बघितला. नंबर बघून आठवली ती बरगडी.

शोनाला फोन लावला. उचलला नाही, ते यंत्र चालू असलं की तिला काही ऐकू येत नाही. मी कोट न घालता सायकल काढली. प्रयोगशाळा नदीपलीकडे. पंधरा मिनिटांचा रस्ता आहे. किती वेळात गेले ते माहीत नाही, पण वाटेत टुरिस्टांच्या एका अख्ख्या घोळक्याने मला शिव्या दिल्या. मनात एकच. अडीच हजार वर्षं ते मूल रांजणात शाबूत राहिलं, आणि आता मी त्याचं मेंढरू म्हणून पीठ करायला दिलंय.

शोना यंत्राशेजारी सँडविच खात बसली होती. तिच्यापुढे बारा पाकिटं, सात फोडलेली.

"एक्केचाळीस?" मी विचारलं.

"हे संपलं की तेच घेते आहे." तिने सँडविच दाखवलं. "का गं? तू अशी का दिसतेस?"

मी पाकीट उचललं, आतली बरगडी चाचपली आणि खुर्चीवर बसले. बरगडीवर पेन्सिलने कापायची रेघ मारलेली होती.

सगळं ऐकल्यावर शोनाने उरलेलं अर्धं सँडविच मला दिलं. मग दाराकडे बघून हळूच म्हणाली, "हे बघ. पिशवी बदल. नवीन लेबल लाव, 'मानवी' म्हणून. यादी नवीनच होतेय. कोण वाचणार आहे?"

शोना लबाड नाही. तिला माहीत होतं की पंधरा दिवसांनी मार्गारेटबाईंचा पंच्याऐंशीवा वाढदिवस आहे, त्यांचे जुने विद्यार्थी कुठून कुठून येणार आहेत, आणि समारंभाला नाव दिलंय 'मार्गारेटचं कोकरू'. केकसुद्धा कोकराच्या आकाराचा सांगितला होता.

खोटं कशाला बोलू, परत येताना सायकल हातात धरून चालत आले ती हाच विचार करत. ज्या बाईंनी मला उभं केलं, त्यांचं सगळ्यात लाडकं प्रकरण माझ्या एका पिशवीवर उभं होतं, आणि ती पिशवी खोटी होती. गप्प बसले तर कोणालाच कळणार नव्हतं. बाई कोकरासकट सुखात राहिल्या असत्या.

मावशींनी तोवर हाडं पांढऱ्या कापडावर जागच्या जागी मांडली होती. मांडीचं एक हाड अख्खं होतं. मी मोजलं. पुऱ्या दिवसांचं बाळ. मी त्यांना शोनाचं म्हणणं सांगितलं.

"वॉर्डात कधी बाळांची अदलाबदल झाली तर काय करायचो माहितेय?" मावशी म्हणाल्या. "आधी दोन्ही आयांना सांगायचो. मग शिव्या खायच्या. मग कागद बदलायचे. कागद आधी बदलणारी पोरगी माझ्या वॉर्डात पुन्हा दिसली नाही."

शुक्रवारी मी बाईंकडे गेले. पिशवी बरोबर घेतली. रिकामी, नुसत्या लेबलासाठी. त्यांनी चहा केला. स्वतःच करतात, या वयातही. खिडकीत ते लोकरीचं कोकरू माझ्याकडे बघत बसलेलं. मी गोड बोलायला गेले नाही, ते मला येत नाही. म्हटलं, "एक्केचाळीसमध्ये कोकरू नव्हतं. बाळ होतं. चूक माझी."

बाईंनी कप खाली ठेवला. "कशावरून?"

"हासळी आहे."

त्यांनी मान डोलावली. हासळीपुढे वाद नसतो हे त्यांना माझ्याइतकंच माहीत.

"मला ते कोकरू फार आवडायचं," त्या म्हणाल्या.

"मलासुद्धा."

"दे ती पिशवी इकडे." भिंग घेऊन त्यांनी लेबल वाचलं. वाचता वाचता हसायला लागल्या. "मूर्ख मुली, तू हे नीट वाचलंस तरी का?" माझ्या अक्षराखाली कोपऱ्यात दोन फिकट अक्षरं होती. तपासणाऱ्याची सही. बाईंची. "दोनला कुलूप लागायचं होतं," त्या म्हणाल्या. "मलाही जेवायला जायचं होतं. मी पिशवी उघडलीच नाही."

इतक्या वर्षांत मी ती अक्षरं बघितली नव्हती. आदल्या दिवशीसुद्धा नाही. मला फक्त माझंच अक्षर दिसत होतं.

"दुरुस्ती छापायला पाठव," बाई म्हणाल्या. "दोघींच्या नावाने. आधी माझं. मी ज्येष्ठ आहे."

"आणि समारंभ?"

"तिथे मीच सांगेन. चेहरे बघायला मजा येईल."

"केक कोकराचा आहे, बाई."

"मग बरंच झालं. कोकरू खाण्यासाठीच असतं." त्यांनी खिडकीतलं लोकरीचं कोकरू काढून माझ्या हातात दिलं. "हे घेऊन जा. तूच जन्माला घातलंयस."

ते आता माझ्या टेबलावर असतं. त्याच्या शेजारी बसून मी दुसऱ्याचं लेबल तपासते तेव्हा पिशवी उघडते. कुलूप लागत असलं तरी.

पण दाराशी निरोप देताना बाईंनी विचारलेला प्रश्न मला अजून सोडत नाही. "म्हणजे त्यांचं बाळ हरवलं नव्हतं तर?" त्या म्हणाल्या. "त्याच्या आईजवळच होतं?" मी म्हटलं, हो. "मग माझ्या प्रकरणापेक्षा हे बरं," त्या म्हणाल्या आणि दार लावून घेतलं. दाराच्या काचेतून बघितलं तर रिकाम्या खिडकीशी उभ्या होत्या.

खोकं बंद करायचा दिवस आला. मी नवं लेबल लिहून पिशवीला बांधायला घेतलं तर मावशींनी हात धरला.

"एकच?"

"एकच असतं मावशी."

"वॉर्डात बाळाला दोन लागतात. एक हाताला, एक पायाला. एक निघून पडलं तरी दुसरं राहतं. आणि दोघींनी मोठ्याने वाचायचं, आईसमोर."

"आई कुठून आणू?"

"आई नाही तर नाही. आपण दोघी आहोत ना?"

मी दुसरं लेबल लिहिलं. एक आत, हाडांबरोबर, एक बाहेर. रेघ मारलेली बरगडी मावशींनी तिच्या जागी ठेवली. पेन्सिलची रेघ त्यांनी टूथब्रशने पुसून काढली होती; जिराफाच्या. मग चष्मा चढवून वॉर्डात वाचत असतील तशा खणखणीत आवाजात वाचलं, "रांजण एक्केचाळीस. मानवी. नवजात, पुऱ्या दिवसांचं."

मी आतलं लेबल वाचलं. "रांजण एक्केचाळीस. मानवी. नवजात, पुऱ्या दिवसांचं."

"बरोबर?" मावशींनी विचारलं.

"बरोबर."

तपासणाऱ्याच्या रकान्यात त्यांनी सही केली. भिंतीवरच्या घड्याळात बघून पुढे वेळही लिहिली, दोन वाजून दहा मिनिटं. वेळेचा रकाना आमच्या लेबलावर नाही. मी ती वेळ खोडली नाही. शुक्रवार होता; त्यांना तीनला निघायचं होतं. खोक्याचं झाकण आम्ही दोघींनी मिळून बसवलं.